सावरीवरचं बारकं

मला टीबी झाला होता. मणक्याचा. एवढं एक वाक्य लिहायला मला दीड वर्ष लागलं, म्हणून तेच आधी लिहून टाकलं. आमच्या शेंदूरजनाघाटात अजूनही निम्म्या लोकांना वाटतं की माझ्या मणक्यात गॅप होती. ती बातमी आमच्याच घरून निघाली. गॅप म्हटलं की माणसं हळहळतात आणि चहा पिऊन जातात. टीबी म्हटलं की हळहळतात आणि चहा तसाच ठेवून जातात.

आता लिहायचं कारण सांगते. मागच्या महिन्यात तेल्हाऱ्याहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या सुनेला हेच निघालं होतं आणि त्यांनी कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला होता. बाकी काही न विचारता म्हणाल्या, "पाय परत येतात का वो ताई?" मी तासभर बोलले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, जी गोष्ट सांगायला लाज वाटते नेमकी तीच मी गाळली. इथं गाळणार नाही.

चप्पल

आमची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. जंबेरी लिंबाची रोपं वाढवायची, त्यांच्यावर संत्र्याचा डोळा बांधायचा, आणि पावसाळा लागला की कलमा विकायच्या. सगळं काम वाकून. त्यामुळे चोपन्नाव्या वर्षी पाठ दुखायला लागली तेव्हा त्यात नवल काय? तेल लावलं, शेक घेतला, मेडिकलमधून पट्टा आणला, एका माणसाकडून पाठ रगडून घेतली. हे शेवटचं कुणी करू नका. संध्याकाळी अंगात कणकण असायची. वजन नऊ किलो उतरलं. त्याचं तर मला कौतुकच वाटत होतं, जुने ब्लाऊज पुन्हा अंगात यायला लागले होते ना!

जुलैत ऐन विक्रीच्या दिवसांत एका शेतकऱ्याची गाडी भरून देत होते. तो म्हणाला, "ताई, चप्पल." मागं वळून पाहिलं तर माझी उजवी चप्पल दहा हात मागं पडलेली. मी चिखलात अनवाणी चालत आले होते आणि मला पत्ता नव्हता. हसण्यावारी नेलं. घरी जाऊन पायावर गरम पाणी घेतलं. डाव्या पायाला चटका बसला, उजव्याला ते कोमटही लागेना.

आडवं

अमरावतीला एमआरआय झाला. त्या नळीत अर्धा तास नुसती ठोकाठोक. मी आपली कोणत्या वाफ्यातल्या कलमा विकायच्या राहिल्यात ते आठवत पडून राहिले. डॉक्टर मॅडम तिशीतल्या होत्या. फिल्म उजेडावर धरून म्हणाल्या, "हे दोन मणके खाल्ले गेलेत. इथं पू झालाय, तो मज्जारज्जूला दाबतोय. तुकडा काढून तपासू, पण हा टीबी आहे."

आमचे हे मुळात अबोल. ते एकदम म्हणाले, "पन आमच्या घरी कोनी खोकलत नाई."

"केस आणि नखं सोडली तर टीबी कुठंही होतो, काका."

मी विचारलं, "पाय?"

मॅडम गोड बोलल्या नाहीत. त्यासाठीच मला त्या आवडल्या. "तीन महिने पूर्ण आडवं. उठायचं नाही, बसायचं नाही. कूस बदलायची तीसुद्धा दुसऱ्यानं, अख्खं अंग एकदम वळवून. गोळ्या दीड वर्ष, एकही दिवस न चुकता. एवढं केलं तर पाय बहुतेक येतील. नाही आले तर ऑपरेशन, आणि मग मी काहीच कबूल करणार नाही."

शेंदूरजन्याहून दर वेळी आडवं झोपवून आणणं-नेणं शक्य नव्हतं. माझा धाकटा भाऊ विलास अमरावतीला असतो, कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. तो म्हणाला, "ताई माह्या घरी राहीन." त्याची बायको वंदना डबा घेऊन दारात उभी होती. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. आणि करायचं सगळं तिलाच होतं.

वॉर्डात सहा दिवस काढले. सकाळी सहाला फरशी पुसायचा वास, साडेसहाला बीपीचा पट्टा, आठला कुणाची तरी रडारड. तिथल्या आयाबाईनं वंदनाला एक युक्ती शिकवली. चादर दुहेरी करून पेशंटच्या अंगाखाली ठेवायची आणि कड धरून ओढायची, म्हणजे पाठ न वाकता माणूस वळतो. वंदना पाच फूटसुद्धा नाही, अंगानं काडी. मी म्हटलं, "तुले नाई जमत, विलासले बोलाव." तिनं चादरीची कड धरली. एक हिसका मारला आणि मी भिंतीकडं तोंड करून होते.

सावर

विलासचं घर गावाबाहेरच्या नव्या लेआऊटमध्ये आहे. निम्मे प्लॉट रिकामे, त्यात गाजरगवत, पलीकडं नाला. घर आणि नाला यांच्या मध्ये एक जुनी सावर आहे, वीज पडून अर्धी वाळलेली. माझी खाट मागच्या खिडकीला लावली. आडव्या माणसाला खिडकीतून जमीन दिसत नाही, आभाळ दिसतं आणि झाडाचा शेंडा दिसतो. माझे तीन महिने एवढ्याच चौकटीत गेले.

पहिल्या दिवशी गोळ्या घेतल्या. दुपारी वंदना भांडं घेऊन निघाली ती दारातच थबकली. "अवो बाप्पा! ताई, हे तं संत्र्याचा ज्यूस हाय!" लघवी खरोखर केशरी झाली होती. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की तो गोळीचा रंग आहे, घाबरू नका. संत्रेवालीला रोगसुद्धा त्याच रंगाचा मिळावा यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की माझी पाठ ठणकली. वंदनानं मॅडमना एकदाच स्पष्ट विचारून घेतलं होतं, हा लागतो का. मणक्याचा सहसा लागत नाही, असं कळल्यावर तिनं माझं ताट-वाटी कधी वेगळं धुतलं नाही. माझी सख्खी मावसबहीण आली तेव्हा दारात उभ्या उभ्या बोलून गेली.

सावरीच्या वाळक्या बेचक्यात काटक्यांचा ढीग होता आणि त्यावर एक मोठा काळा पक्षी बसलेला असायचा. अंग काळं आणि मान पांढरी, कापूस गुंडाळल्यासारखी. विलासनं कॉलेजातून दुर्बीण आणली आणि नावही शोधून आणलं, पांढऱ्या मानेचा करकोचा. जोडी होती. एक बसायचा, दुसरा नाल्यावर जायचा. तो परत आला की दोघं माना मागं टाकून चोची आपटायचे, लाकडी चाटूवर चाटू आपटावा तसा आवाज. ऑगस्ट लागला आणि घरट्याच्या काठावर दोन पांढुरकी डोकी दिसायला लागली. आठ-दहा दिवसांनी त्या दोघांच्या मधून तिसरं डोकं वर आलं आणि लगेच दाबलं गेलं. ते इतरांच्या निम्मं होतं.

माझी नजर

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगायला पाहिजे. जंबेरीची रोपं वीतभर झाली की मी वाफ्यात शिरते आणि निवड करते. जे बुटकं, जे बारीक, ज्याचं पान वेगळं, ते उपटून बांधावर. पाट्याच्या पाट्या भरतात. तिथं दया दाखवली तर काही वर्षांनी कुणाची तरी बाग रोगट निघते आणि तो आमच्या नावानं बोटं मोडतो. गावात म्हणतात, ताईची नजर चुकत नाही. मलाही ते ऐकायला आवडतं, खोटं कशाला बोलू?

तर मी दुर्बीण खाली ठेवली आणि म्हटलं, "हे आठ दिवस नाई काढत."

वंदना शिवणकाम करते. ब्लाऊजला हूक लावत ती खाटेजवळ बसली होती. "तुमाले काय माहीत?"

"माह्या नजरेतून रोप सुटत नाई."

तिनं दातानं धागा तोडला आणि पुढचा हूक घेतला.

मी पाहत राहिले, दुसरं काम काय होतं? मोठा पक्षी यायचा, मान खाली घालून बेडूक, खेकडे, काय असेल ते घरट्यात ओकायचा. दोन्ही मोठी पिल्लं त्यावर तुटून पडायची. बारकं मागून मान घालायचं, टोचा खायचं आणि मागं सरायचं. त्याच्या वाट्याला काठावर सांडलेलं यायचं. पण दुपारी दोनच्या सुमारास, उन्हानं मोठी दोन्ही मान टाकून झोपली की हे एकटं जागं असायचं. जोडीतला एक पक्षी, ज्याच्या पंखात एक पीस कमी होतं, बहुतेक वेळा तेव्हाच यायचा. मग जे आणलं असेल ते याचं. पहिल्यांदा मला त्याचा रागच आला. मेलं मरायचं सोडून जागं कशाला राहतंय, असं वाटलं. आठ दिवस झाले, दहा झाले, बारा झाले. दोन वाजता मी घड्याळाकडं बघायला लागले.

अकरा दिवस

गोळ्या सुरू होऊन सव्वा महिना झाला होता. उजव्या पायाला चादर लागायला लागली होती, अंगठा हलत होता. मॅडम खूष. मी मात्र बेजार. वरणाला फोडणी दिली तरी उमासा यायचा. सांधे दुखायचे. सकाळी मूठभर गोळ्या हातात आल्या की त्यांच्या वासानं रडू यायचं. आणि मी रडायचे. मोठ्यानं.

आमच्याकडं संत्र्याला ताण देतात. थंडीत झाडाचं पाणी महिनाभर बंद करायचं. पानं वळतात, माना टाकतात, नवा माणूस घाबरून पाणी सोडतो आणि वर्ष वाया घालवतो. जो धीर धरतो, तो नंतर खत-पाणी देतो आणि पंधरा-वीस दिवसांत झाड पांढरंशुभ्र फुलतं. हे मी तीस वर्षं डोळ्यांनी पाहिलेलं. त्याच सुमारास दोन दिवस झड लागली होती. करकोच्यांची जोडी फार कमी आली, बारकं मान टाकून पडलं. तिसऱ्या दिवशी उघडीप झाली आणि ते इतकं खायला लागलं की मोठ्यांना मागं रेटत होतं.

माझ्या डोक्यानं घेतलं. शरीर गोळ्यांनी दबलंय. पंधरा दिवस ताण द्यावा, मग सुरू कराव्यात, म्हणजे जोमानं लागू पडतील. शिकलेली बाई मी, बारावी पास! तरी हे मला अगदी शास्त्रासारखं पटलं. गोळ्या तोंडात धरायच्या, पाण्याचा घोट घ्यायचा, वंदना वळली की काढून उशीच्या खोळीत.

आणि काय सांगू, बरं वाटलं हो! तिसऱ्या दिवशी भूक लागली. पाचव्या दिवशी ज्वारीची भाकर आणि ठेचा मागून खाल्ला. विलास म्हणाला, "ताई, तोंडावर तेज आलं." मी मनात म्हटलं, बघा, नजर चुकत नाही. हीच जागा धोक्याची आहे, ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी नीट वाचा. गोळी सोडल्यावर बरं वाटतं. रोग बरा झाला म्हणून नाही, गोळीचा त्रास गेला म्हणून.

नवव्या दिवशी अंगठ्याला हल म्हटलं, तो हलला नाही. मी पुन्हा म्हटलं. चादरीखाली काही झालं नाही. मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर गोळ्यांचंही सांगावं लागलं असतं. दोन दिवस मी गप्प पडून होते आणि दर तासाला अंगठ्याला हुकूम सोडत होते. एवढी भीती मला त्या एमआरआयच्या दिवशीसुद्धा वाटली नव्हती.

भांडं

अकराव्या दिवशी सकाळी वंदना भांडं घेऊन निघाली आणि दारात थांबली. पहिल्या दिवशी थांबली होती तशीच. पण हसली नाही. भांडं उजेडात धरून पाहिलं.

"ताई, गोया कुठी टाकता?"

"कोनत्या गोया? घेते ना मी."

"हे साधं पानी हाय. चार-पाच दिवसांपासून पाहून राहिली मी. मले वाटलं, पानी जास्त पेत असान."

तिनं भांडं खाली ठेवलं, हात धुतले, माझं डोकं उचलून उशी काढली आणि खोळ झटकली. गोळ्या फरशीवर सांडल्या, काही खाटेखाली गेल्या. ती गुडघ्यावर बसून एकेक उचलत होती. मी ताण, बहार, खत-पाणी असं काहीबाही बोलत होते. माझंच मला खोटं ऐकू येत होतं.

ती खालीच बसून म्हणाली, "तुमी माह्या लग्नाच्या वेळी तुमच्या आईले म्हटलं होतं, हे पोरगी टिकत नाई, दुसरी पाहा. मले मालूम हाय. बावीस वर्षं झाले, मी कोनाले बोल्ली नाई. तुमाले वाटते का तुमाले सारंच दिसते. त्या पिल्लाचं तुमी आठ दिवस सांगतलं. माह्यं सांगतलं. आता सोताचंबी ठरवून टाकलं, गोया नाई घेतल्या तं चालते म्हनून. अन् पाय गेले तं हे भांडं कोन उचलन? जल्मभर?"

मी तसं म्हटलं होतं. आईच्या स्वयंपाकघरात, हळू आवाजात. तिनं कुठून ऐकलं कोण जाणे. मी म्हटलं, "वंदना, चुकलं माह्यं." ती म्हणाली, "कोनतं?" मी म्हटलं, "दोन्ही." आणि मग अंगठ्याचं सांगितलं. तेव्हा ती उठली आणि आधी मॅडमना फोन लावला.

मॅडम इतक्या चिडल्या की पाच मिनिटं मला बोलूच दिलं नाही. शेवटी विचारलं, असं का केलं? मी ताणाचं सांगितलं. त्या स्वतः मोर्शीकडच्या, त्यांना बाग माहीत. "काकू, ताण तुम्ही रोगाला नाही दिला. स्वतःला दिला. रोगाला तर पाणी घातलंत." गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. रोग गोळ्यांना निर्ढावला की काय, ते बघायला परत तुकडा काढून तपासणीला पाठवला. रिपोर्टला काही आठवडे लागणार होते. तोपर्यंत फक्त वाट बघायची.

आमचे हे दर रविवारी यायचे. त्या रविवारी त्यांना सगळं सांगितलं. ते खाटेच्या पायथ्याशी बसून माझा अंगठा धरून राहिले, धरल्यानं तो हलणार असल्यासारखे. जाताना एवढंच म्हणाले, "गावात आता मी टीबीच सांगतो. लपवून लपवून तू आमच्यापासूनबी लपवाले लागली." त्यांनी सांगितलं. काही लोक यायचे बंद झाले. बाकीच्यांनी संत्र्याच्या पेट्या पाठवल्या, जशा आमच्या घरी कमीच होत्या!

मोठं पडलं

सप्टेंबरच्या मध्यात एक दिवस दुपारी वावटळ उठली. पिल्लं आता पंख मारायला शिकली होती. सगळ्यात मोठं काठावर उभं राहून पंख फडफडवत होतं. भरलेलं अंग, चकचकीत काळं, त्याच्यावर मी डोळे झाकून पैज लावली असती. वारा पंखात शिरला आणि ते घरट्यातून गेलं. उडालं नाही, गेलं. मला खालचं दिसत नव्हतं. कुत्र्यांचा आवाज तेवढा आला. वंदना धावली. परत आली ती मान हलवतच.

मी रडले. त्या पिल्लासाठी रडले की अंगठ्यासाठी, सांगता येणार नाही. बारकं घरट्याच्या तळाशी चिकटून बसलं होतं, वारा त्याच्या डोक्यावरून गेला.

रिपोर्ट आला. गोळ्या अजून लागू होत होत्या. विलासनं मॅडमचा निरोप स्पीकरवर ऐकवला तेव्हा वंदना मिशीनवर होती. मिशीन थांबलं, आणि थोड्या वेळानं परत सुरू झालं. त्याच आठवड्यात सकाळी अंगठा हलला. किती? तांदळाच्या दाण्याएवढा. पण मी हल म्हटल्यावर हलला.

चाला

ऑक्टोबरच्या सुरुवातीला उरलेलं मोठं पिल्लू उडालं. बारकं घरट्यात एकटं राहिलं. जोडी त्याच्यासाठी येत होती. आता सगळं खाणं त्याचंच, पण उडी काही मारत नव्हतं. काठावर यायचं, पंख उघडायचं, मिटायचं, मागं सरायचं.

माझा पुन्हा एमआरआय झाला. पू ओसरला होता. मॅडमनी पाठीला ब्रेस बांधून बसवलं, मग फिजिओथेरपीवाल्यानं दोन-चार दिवस धरून उभं केलं. पायांनी अंग पेललं. तो म्हणाला, "आता वॉकर घेऊन रोज चालायचं, काकू. खोलीत, अंगणात, जमेल तिथं. सोबतीला एक माणूस असला की झालं."

मी चालले नाही. आज चक्कर येते, आज ब्रेस टोचतो, आज जेवण जास्त झालं. विलासनं समजावलं, यांनी फोनवरून समजावलं. कारण कुणालाच सांगितलं नाही, ते इथं सांगते. चालले नाही तोवर पाय आहेत असं धरून चालता येत होतं. पहिलं पाऊल टाकलं आणि ते मोडलं तर? त्यापेक्षा न कळलेलं बरं. खाटेच्या कडेला बसून मी आठ दिवस काढले. सगळ्यांनी सांगून झालं, वंदना मात्र एका शब्दानं बोलली नाही.

नवव्या दिवशी सकाळी गोळ्या घेऊन जरा डोळा लागला. उठले तर घरटं रिकामं. जोडी नाही, बारकं नाही. मी हाक मारली. वंदना मागच्या अंगणात कपडे वाळू घालत होती.

"उडालं ताई. आत्ताच. मी पाह्यलं."

"कुठी गेलं?"

"नाल्याकडं."

"काही सांगू नको. कालपर्यंत त्याले फांदीवर धड उभं राह्यता येत नव्हतं. पडलं असन. झाडाखाली पाहून ये."

"मी काहून जाऊ? मी तं डोयानं पाह्यलं." तिनं बादली उचलली. "तुमचा इस्वास नसन तं तुमी पाहून या."

मला असा राग आला म्हणता! मी ब्रेसचा पट्टा आवळला, वॉकर पुढं ओढला आणि उठले. वंदनानं बादली ठेवली आणि मागं येऊन उभी राहिली, हात न लावता. मागच्या दाराला एक पायरी आहे. तिथं मी थांबले, पाय थरथरत होते. उतरले. मग गाजरगवतातून पायवाट. वॉकर रुतायचा, मी उपटायचे, पुढं टेकवायचे. उजवा पाय ओढला जात होता, पण येत होता. सगळं लक्ष त्या झाडाच्या बुडाशी, तिथं काळं काही दिसतं का. घामानं ब्लाऊज चिंब झाला.

सावरीखाली पांढरी शिट पडली होती, गोगलगायींचे शंख, खेकड्याच्या नांग्या, एक-दोन काळी पिसं. पिल्लू नव्हतं. मी झाडाला फेरी मारली. पलीकडंही नव्हतं.

"कुत्र्यानं नेलं असन," मी म्हटलं.

"नेलंबी असन," वंदना म्हणाली.

मी तिच्याकडं पाहिलं. "म्हणजे? तू तं उडताना पाह्यलं ना?"

"नाई पाह्यलं. मी कपडे घेऊन आली तं घरटं रिकामंच होतं."

"मग खोटं काहून बोल्ली?"

"खरं सांगतलं असतं तं पिल्लू मेलं म्हनून तुमाले पटलं असतं," ती म्हणाली. "अन् तुमी खाटेवर बसून राह्यल्या असत्या."

तिथंच फतकल मारून बसावंसं वाटलं. पण खाली काटे होते, आणि एकदा बसले असते तर वंदनाच्यानं मी उचलले गेले नसते. घर समोर दिसत होतं, मागचं दार उघडंच होतं. मी वॉकर वळवला.